फुजिएच्या नळ्यांची भोकं

फुजिए वामेशी बोलायची. नवरा गेल्यावर घरात बोलायला दुसरं होतं कोण? आणि हट्टी तर अशी, की एकदा मनात घेतलं की समुद्रानंही बाजूला व्हावं.

इशिउराच्या आखातातली वाम हातभर लांबीची. अंगावर खवला म्हणून नाही, नुसता बुळबुळीतपणा. पाठीवरचा पर शेपटीला वळसा घालून पोटाखाली येतो. कुशीला पांढऱ्या ठिपक्यांची रांग, तराजूच्या दांडीवरच्या खुणांसारखी. दिवसा ही बया वाळूत अंग पुरून डोकं तेवढं बाहेर ठेवते आणि अंधारलं की खायला निघते. अरुंद बीळ दिसलं की आत शिरायचंच, ही तिची खोड. म्हणून इथले कोळी तिला नळीत धरतात. आत तारलीचा तुकडा, तोंडाशी आत शिरता येईल पण बाहेर पडता येणार नाही असं नरसाळं, कडेला पाणी निथळायला करंगळीच्या टोकाएवढी भोकं.

गेली तीन वर्षं नळ्यांत बोटाएवढी पिल्लंच जास्त येत होती. फुजिए सांगून थकली, "भोकं मोठी करा. पिल्लं जाऊ देत, वाढून येतील. नाहीतर आणखी दोन वर्षांनी नळीत पाणीच येईल वर."

तिचा दीर तात्सुझो कोळ्यांच्या सोसायटीचा प्रमुख. तो म्हणाला, "वहिनी, तुम्ही चाळणीनं पाणी भरायला निघालात." पण बैठकीत ठरलं, की पितरांच्या बोन सणापर्यंत तिनं तीस नळ्या तिच्या पद्धतीनं टाकाव्यात. बोनच्या आदल्या दिवशी तिची मोठी वाम तात्सुझोच्या तीस नळ्यांपेक्षा कमी आली, तर हा विषय कायमचा बंद. बरोबरीनं आली, तर सगळे भोकं वाढवतील.

फुजिएनं माप घेतलं ते स्वयंपाकघरात. भातावर घालायची म्हणून गरम पाणी ओतून, खरवडून स्वच्छ केलेली वाम पाटावर होती. ती ज्या भोकात अडकली, तेच भोक तिनं तीसही नळ्यांना पाडलं.

पहिल्या आठवड्यात नळ्या रिकाम्या. पिल्लं नाहीत आणि मोठीही नाहीत.

"पिल्लं सुटली, बरं झालं," तात्सुझो धक्क्यावर सगळ्यांदेखत म्हणाला. "त्यांच्या आयांना कशाला सोडलंत?"

फुजिए घरी येऊन रडली. मग गार भात खाल्ला आणि दिवा मालवण्यापूर्वी पाणी बदलावं म्हणून, जुन्या नळ्यांतली बादलीत जिवंत ठेवलेली एक वाम उचलायला गेली. ती शेपटीकडून सर्रकन हातातून निसटली. फुजिएनं हाताला लागलेला बुळबुळीतपणा बघितला. जिवंत वाम अशी निसटते, आणि आपण माप घेतलं खरवडलेल्या, मेलेल्या वामेचं.

"चाळीस वर्षं तुझा बुळबुळीतपणा खरवडला, आणि तोच मेला विसरले," ती वामेला म्हणाली.

तिनं नवीन नळ्या घेतल्या. या खेपेला भोक पाडायचं, नळी भिजवायची, जिवंत वाम आत सोडायची आणि बघत बसायचं. मोठी अडेल आणि पिल्लू शेपटी आधी घालून पसार होईल, असं भोक सापडेपर्यंत तिनं सात नळ्या वाया घालवल्या. मग त्याच मापाची भोकं तीस नळ्यांना पाडली.

बोनच्या आदल्या सकाळी दोन्ही होड्या धक्क्याला लागल्या. तात्सुझोनं स्वतः मोजलं, कारण दुसऱ्याच्या मोजण्यावर त्याचा विश्वास नव्हता. फुजिएची मोठी वाम एकतीस. त्याची एकोणतीस, आणि वर पिल्लांची बादली काठोकाठ. त्यानं पुन्हा मोजलं.

फुजिएला वाटलं होतं, या घटकेला चार शब्द सुनावू. पण ती वाकून त्या बादलीतली वळवळच बघत राहिली.

तात्सुझोनं बादली उचलली, धक्क्याच्या कडेला नेली आणि पाण्यात उपडी केली. परत येऊन खाली बघतच विचारलं, "वहिनी, भोक नेमकं केवढं पाडायचं?"

फुजिएनं टोपलीतली एक जिवंत वाम काढून त्याच्या हातात दिली.

"हिलाच विचारा, भावजी," ती म्हणाली. "फक्त धुऊन विचारू नका."