हाफ-डे आप्पा

रोज सकाळी साडेसातला भटूआप्पा गेटवर यायचे, सायकल भिंतीला लावायचे आणि खिशातला फोन काढून वॉचमनच्या खिडकीच्या कठड्यावर ठेवायचे. मग डब्याच्या पिशवीतून घट्ट पिळलेला ओला रुमाल निघायचा. त्याची घडी फोनखाली जायची, कारण तापला की तो फोन बंद पडायचा. बटण दाबून झालं की आप्पा हात मागे बांधून उभे. मागे माणसांची रांग, पुढे तो कोपरा फुटलेला काळा फोन. मी टाइम ऑफिसच्या काचेआडून ओरडायचो, "आप्पा, झालं का?" त्यावर त्यांचं उत्तर ठरलेलं असायचं. "उठी राहिना सायेब, उठी राहिना." म्हणजे उठतोय, उठतोय.

मी त्या कंपनीत टाइमकीपर होतो. सिल्वासाजवळ सायलीला आमची सुताची कंपनी. कोण किती वाजता आला आणि कोण आलाच नाही, हे लिहायचं माझं काम. मी चिपळूणकडचा, तोंडाने फटकळ, आणि खुर्ची मिळाली की माणूस किती हलकट होऊ शकतो ते मला त्या खुर्चीत कळलं. आप्पांविषयी लिहायचं तर हे आधी सांगायला हवं. नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल, मी त्यांचा कोणी स्नेही होतो.

आप्पा शिंदखेड्याकडचे. वय पन्नाशीच्या पुढे, अंगाने काटकुळे, कानात केस. भरलेली बॉबिनं मशीनवरून उतरवायची आणि रिकामी चढवायची, हे काम ते नऊ वर्षं ठेकेदाराकडून करत होते. त्यांच्यासारखा हात खात्यात दुसऱ्या कुणाचा नव्हता, असं त्यांचा सुपरवायझर त्रिवेदी स्वतः म्हणायचा, आणि त्रिवेदी सहसा कुणाला चांगलं म्हणत नसे. जवळच्या रांधा गावात एका खोलीत पाच जण राहायचे, त्यात हे एक. बायको गावी. कंपनीची क्वार्टर्स फक्त कायम कामगारांना मिळायची. आप्पा जो भेटेल त्याला सांगायचे, "कायम व्हयनू का तिले लई येसू." कायम झालो की तिला घेऊन येतो. नऊ वर्षं तेच वाक्य, आणि दर वेळी आजच ठरल्यासारखं सांगायचे.

मग फोनवरची हजेरी आली. ॲप उघडायचं, पडद्यावरच्या गोलात चेहरा धरायचा, ओळख पटली की पापण्या मिटून उघडायच्या. पापण्यांचं कलम मुद्दाम घातलेलं, कुणी दुसऱ्याचा फोटो दाखवून हजेरी लावू नये म्हणून. एका माणसाला एकच फोन, आणि ॲप चालायचं गेटपासून शंभर पावलांच्या आत. सव्वाआठनंतर अर्धा दिवस. आत फोन न्यायला बंदी, म्हणून हजेरी लावून फोन गेटवरच ठेवायचा. या सगळ्याबरोबर एक नोटीसही लागली: सलग कुठल्याही तीन महिन्यांत ज्याचा एकही अर्धा दिवस पडणार नाही, त्याचं नाव कायमच्या यादीत विचारात घेतलं जाईल. आप्पांनी ती नोटीस माझ्याकडून दोनदा वाचून घेतली.

आप्पांचा फोन जावयाने टाकून दिलेला. त्यावर ते ॲप उघडायला कधी दहा मिनिटं लागायची, कधी वीस. मध्येच पडदा काळा व्हायचा आणि सगळं पहिल्यापासून. रांगेतले लोक शिव्या घालायचे. मी म्हणायचो, "आप्पा, तुमच्या फोनला आधी सलाईन लावा," आणि रांग हसायची. आप्पाही हसायचे. कुणी फोन हातात घेऊन दाबादाबी केली तर म्हणायचे, "घाई नका करू, रुसस तो." पहिल्या महिन्यात त्यांचे सहा अर्धे दिवस पडले. माणूस आठच्या आधी गेटवर हजर, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर उभा, आणि मी त्याच्या नावापुढे अर्धा दिवस लिहितोय. 'हाफ-डे आप्पा' हे नाव मीच ठेवलं. दोन दिवसांत ते सगळ्या कंपनीत पसरलं.

माझ्या टेबलाच्या खणात हजेरीची जुनी वही होती. ॲप बंद पडलं तर हाताने लिहायचा अधिकार मला होता. पण ॲप बंद पडलं तर, एखाद्याचा फोन बंद पडला तर नाही, असं मी ठरवून टाकलं होतं. मला कुणीही तसं सांगितलेलं नव्हतं.

एकदा आप्पा सुट्टी झाल्यावर माझ्याकडे आले. "सायेब, पोट भरेल शे त्यानं. हालसच नही. जरा देखा ना." मी फोन बघितला. जागा काठोकाठ भरलेली. मी भराभर उडवायला लागलो. सकाळच्या शुभेच्छांची फुलं, देवांचे फोटो, कुणाच्या तरी हळदीचे व्हिडिओ, मग नातीचे फोटो, मग सगळं व्हॉट्सॲपच. नंबर राहावेत म्हणून आप्पांनी खोक्याच्या पुठ्ठ्यावर लिहून घेतले आणि पुठ्ठा डब्याच्या पिशवीत ठेवला. तरी जागा पुरेना. शेवटी एक व्हिडिओ राहिला. मी तो लावला. एक बाई खापरावर पुरणपोळी टाकतेय, हात पिठाने भरलेले, आणि मान वर न करता म्हणतेय, "ठेवा तो फोन खाले! काय देखतस रोज?" मग आप्पांचं हसू, फोन हलतो, संपलं. तो पाऊण मिनिटाचा व्हिडिओ आप्पा रोज जेवताना बघायचे, हे मला ठाऊक होतं. गेटबाहेरच्या कँटीनमध्ये त्यावरूनही त्यांची टिंगल चालायची.

मी म्हटलं, "आप्पा, बायको हवी की कायम व्हायचंय?"

आप्पांनी फोनचा फुटका कोपरा अंगठ्याने चोळला. मग म्हणाले, "काढी टाका सायेब. तिलेच लई येसू ना आते."

मी काढून टाकला. दुसऱ्या दिवशी फोन सहा मिनिटांत उठला. आप्पांनी मला काचेतून हात जोडले. पुढच्या महिन्यात ॲपचं नवं रूप आलं, आधीच्यापेक्षा जड, आणि फोन पुन्हा पहिल्यासारखा झाला. आता उडवायला काही शिल्लक नव्हतं.

तेव्हा आप्पांनी स्वतःच तोड काढली. फोन कठड्यावर उठत ठेवायचा, आत जायचं, मशीनला हात घालायचा, आणि फोन उठला की गेटवर येऊन चेहरा द्यायचा. वॉचमन रामसजन भला माणूस. ॲप उघडलं की तो शिट्टी मारायचा. खात्यापासून गेटपर्यंत तीनशे पावलं, मधे उघडं पटांगण. शिट्टी ऐकली की आप्पा धावत सुटायचे, गोलात तोंड घालायचे, पापण्या मिटायचे, उघडायचे आणि पुन्हा धावत आत. त्रिवेदीला तक्रारीला जागा नव्हती, कारण आठच्या ठोक्याला त्यांची बॉबिनं उतरलेली असायची. एक अर्धा दिवस नाही, दुसरा नाही, महिना गेला, दोन महिने गेले. आमच्या ऑफिसात चहाची पैज लागायची, आज हाफ का फुल? मी कायम 'हाफ'वर लावायचो आणि रोज हरायचो. आप्पा जाताना काचेशी थांबून सांगायचे, "सायेब, आज बी पुरा!"

मला ते खुपायला लागलं. का, याचं सरळ उत्तर देतो. ज्या माणसाला मी नाव ठेवलं होतं तो ते नाव खोटं करत होता, आणि लोक आता माझ्याकडे बघून हसत होते. अकरा दिवस उरले होते. मी रामसजनला बोलावून सांगितलं, "उद्यापासून शिट्टी बंद. ही कंपनी आहे, शाळेचं मैदान नाही."

रामसजन म्हणाला, "साहब, ग्यारह दिन की तो बात है."

मी म्हटलं, "तुझीही नोकरी ठेकेदाराचीच आहे ना?" त्याने शिट्टी काढून खिशात टाकली.

दुसऱ्या दिवशी आप्पांना अंदाजाने धावावं लागलं. मे महिना, सकाळी आठलाच पटांगण तापलेलं. पहिल्यांदा आले, फोन उठलेला नव्हता. परत गेले. दुसऱ्यांदा आले, पडदा नुकताच काळा होऊन पुन्हा सुरू झालेला. मी काचेतून बघत होतो. त्यांनी माझ्याकडे बघितलं, घाम पुसला आणि म्हणाले, "उठी राहिना सायेब." मी घड्याळावर बोट ठेवून दाखवलं. आठ वाजून सहा मिनिटं झाली होती. आप्पा परत धावले. तिसऱ्यांदा येताना पटांगणाच्या मधोमध ते थांबले, गुडघ्यांवर हात टेकले, आणि तसेच खाली बसले. मला वाटलं, दम खातायत. मग ते आडवे झाले.

आम्ही उचलून त्यांना गेटच्या पत्र्याखाली सावलीत आणलं. कुणी पाणी मारलं, कुणी तळपाय चोळले. त्रिवेदीने छातीवर कान ठेवला आणि वर बघून नाही म्हणून मान हलवली. दवाखान्याच्या गाडीला फोन झाला होता, यायची होती. नऊ वर्षं बॉबिनं उतरवणारे ते हात असे बाजूला पडलेले मी पहिल्यांदाच बघत होतो. तेवढ्यात रामसजन खिडकीपासून ओरडला, "साहब, काका का फोन चालू हो गया. चेहरा माँग रहा है."

आठ वाजून तेरा मिनिटं झाली होती. रामसजनने फोन आणून माझ्या हातात दिला. पडद्यावरच्या गोलात माझा चेहरा आला आणि खाली अक्षरं उमटली, 'ओळख पटत नाही.' रामसजन हळूच म्हणाला, "लगा दीजिए साहब. ड्यूटी पर थे, इतना तो लिखा जाए." मला पटलं. त्या दिवसात तेवढं एकच मला पटलं. मी खाली बसलो, आप्पांचं डोकं मांडीवर घेतलं, फोन समोर धरला. गोल हिरवा झाला. भटू पाटील, ओळख पटली. आयुष्यात पहिल्यांदाच तो फोन एका झटक्यात चालला. मग पुढची ओळ आली: 'आता पापण्या मिटा आणि उघडा.'

रामसजनने तोंड फिरवलं. मी दोन बोटं आप्पांच्या पापण्यांकडे नेली. खरंच नेली, खोटं सांगत नाही. एका हातात धरलेला फोन हलला, गोल लाल झाला. त्यानंतर पडदा काळा पडला.

दुपारी मॅनेजरने बोलावलं. कंपनीला एक जबाब हवा होता: मृत व्यक्ती त्या वेळी कामावर हजर होती काय? त्रिवेदीने आधीच लिहून दिलं होतं की मनुष्य खात्यात नव्हता, काम सोडून बाहेर गेला होता. मॅनेजर म्हणाला, "तुमची सिस्टिम काय दाखवते तेवढंच लिहा." खणातली वही मला आठवली. आठ वाजून सहा मिनिटांनी तो माणूस माझ्याशी बोलला होता, हे लिहायला मला एक ओळ पुरली असती. मी लिहिलं, 'सदर दिवशी गैरहजर.' मला लाज वाटली. लाज वाटत असतानाच मी अक्षर नीट काढलं आणि खाली सही केली.

तिसऱ्या दिवशी त्यांची बायको आली. नऊ वर्षं जिला आणायचं चाललं होतं ती सिल्वासाला पहिल्यांदा आली ती अशी, दिराबरोबर, त्यांचं सामान न्यायला. मी चेहऱ्याने ओळखलं नाही, व्हिडिओत मान खालीच होती. ती दिराला काहीतरी म्हणाली आणि आवाजावरून मी ओळखलं. मी तिला फोन दिला, सायकलची किल्ली दिली, डब्याची पिशवी दिली. पिशवीत पुठ्ठा होता आणि वाळून कडक झालेला रुमाल. तिने फोन उलटापालटा करून बघितला, पदराने पुसला आणि दिराला दिला. "ह्यान्हामा मना व्हिडिओ शे," ती म्हणाली. माझा व्हिडिओ आहे यात. "त्या रोज देखेत." म्हणजे ते, आप्पा, रोज बघायचे.

मग मी कागद काढला. कंपनी कुटुंबाचं काही देणं लागत नाही, कारण मनुष्य त्या दिवशी कामावर नव्हता, असा मजकूर. दिराने अडखळत वाचून दाखवला. ती नीट ऐकत होती. वाचून झाल्यावर तिने काचेबाहेर गेटकडे पाहिलं, कठड्याकडे पाहिलं, त्यापलीकडच्या पटांगणाकडे पाहिलं आणि मला विचारलं. रागाने नाही, खरोखर माहीत नसल्यासारखं विचारलं.

"त्या कामवर नही व्हतात, मंग कोठे व्हतात, भाऊ?"

मी पेन तिच्यापुढे सरकवलं आणि सही कुठे करायची ते बोट ठेवून दाखवलं.