बुटातला कचरा

बुटांच्या त्या कारखान्यात शेवटच्या टेबलावर बसणाऱ्या तपासनिसाला सगळे 'घार' म्हणत. नाव पडलं तेव्हा ते त्याला शोभत होतं. एखादा टाका हुकलेला असला तरी त्याला तो लांबूनच दिसायचा, आणि शिवणाऱ्याचा उद्धार करत तो बूट लाल पेटीत फेकायचा. आता पन्नाशी ओलांडल्यावर त्याच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. बूट काळा की तपकिरी, हेही खिडकीकडे धरल्याशिवाय त्याला कळत नसे. घार म्हणे! एखादी म्हातारी कोंबडी आपल्यापेक्षा लांबचं बघत असेल, असं तो स्वतःशी म्हणायचा आणि पुढचा बूट उचलायचा.

डॉक्टरनं शस्त्रक्रिया सांगून ठेवली होती. पण ऑर्डरी निम्म्यावर आल्या होत्या, कारखाना विकणार अशी कुजबुज होती, आणि आधी कुणाला काढणार यावर चहाच्या सुट्टीत पैजा लागत होत्या. अशा दिवसांत रजेवर जाणाऱ्याच्या खुर्चीत परत आल्यावर दुसराच कुणी बसलेला असतो, अशी घारीची खात्री होती. शिवाय दिसत नाही असा तपासनीस कोण ठेवून घेणार? म्हणून त्यानं तोंडाला कुलूप घातलं होतं.

बायकोनं कपाळावर हात मारला. "अहो, काल जिन्यात शेजारच्या बाईंना तुम्ही 'चल गं घरी' म्हणालात. त्या अजून हसतायत. त्यांचा नवरा मात्र हसत नाहीये."

"अंधार होता," घार म्हणाला.

"दुपारी?"

यावर तो रागावला.

त्याच सुमारास कारखान्यातल्या एचआरच्या मॅडमनी एक योजना आणली. दिवस अनिश्चित आहेत, कुणी एकट्यानं कुढत बसू नये, म्हणून प्रत्येक जुन्या माणसाकडे दोन-चार जणांचा गट. बुधवारी जेवणानंतर एकत्र बसायचं, मनातलं बोलायचं, आणि खोलीतलं बोलणं खोलीबाहेर न्यायचं नाही. जुन्या माणसाला 'मेंटॉर' म्हणायचं. घार मेंटॉर झाला, कारण त्याच्याइतका जुना दुसरा कुणी उरलाच नव्हता. घरी मात्र त्यानं आपल्या अनुभवाची कदर झाली असं सांगितलं.

त्याच्या गटात दोघंच आले: शिलाई विभागातली ताई आणि बुटांना तळ चिकटवणारा. मॅडमनी दिलेली पुस्तिका घारीला वाचता येत नव्हती, त्यामुळे तो मनानंच बोलायचा. मन मोकळं करावं, हे तो इतका वेळ समजावून सांगायचा की मन मोकळं करायला वेळच उरायचा नाही. दोघं निमूट ऐकून कामाला जायचे. आपण बोललो की माणसं कशी शांत होतात, याचं घारीला कौतुक वाटायचं.

कामही बरं चाललं होतं. डोळे गेले तरी अंगठा शाबूत होता, आणि अंगठा फिरवत असताना त्याला एक मोठा शोध लागला होता. काही बुटांच्या टोकात चामड्याचा कपटा अडकलेला असायचा. अशा बुटावर तो चिडून अंगठा घासून घासून फिरवायचा, आणि हमखास खोट निघायची: सुटलेला टाका, नाहीतर उचकटलेला तळ. ज्या बुटात कचरा, त्याच बुटात खोट! एका बुधवारी त्यानं यावर व्याख्यानच झोडलं. "गबाळा माणूस सगळीकडे गबाळाच. कचरा टाकणारे हात नीट टाका कुठून घालणार?" ताईनं मान खाली घातली. चिकटवणाऱ्यानं तोंडावर रुमाल धरला. दोघांना शरम वाटली, या समाधानात घार घरी गेला आणि दोन पोळ्या जास्त जेवला.

पुढच्या बुधवारी तो घसा खाकरतोय तोच ताई म्हणाली, "काका, मी राजीनामा देतेय. काढून टाकायची वाट बघत बसण्यापेक्षा आपणच गेलेलं बरं. मला झेपत नाही आता."

"अगं, घाई कसली?"

"घाई नाही. एवढंच वाटतं, मी गेल्यावर तुमच्या बुटात कोण टाक..." ती जीभ चावून थांबली.

"काय टाकणार माझ्या बुटात?"

चिकटवणाऱ्यानं रुमाल खिशात ठेवला. "कपटा, साहेब. खोट असलेल्या बुटात आम्हीच कपटा घालतो. दिसत नसलं तरी तुम्हाला कळावं म्हणून."

घार ताडकन उठला. नोकरीत इतकी वर्षं काढलेल्या माणसाची ही थट्टा! मला काय दिसत नाही? तणतणत तो दाराकडे निघाला आणि खुर्चीला अडखळून पुन्हा तिच्यातच बसला. त्यानंतर रागावण्यात फारसा अर्थ उरला नाही. महिनोन् महिने आपण ज्यांना गबाळे म्हणत होतो, त्यांच्याच जिवावर आपली घार उडत होती. त्याला इतकी लाज वाटली की हसूच फुटलं, आणि हसता हसता डोळ्यांत पाणी आलं.

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही बोलू देत होता का?" ताई म्हणाली.

त्या दिवशी प्रथमच दोघं बोलले आणि घारीनं ऐकलं. आत्ता काम कमी आहे, तेव्हा शस्त्रक्रिया आत्ताच करून घ्यायची. मॅनेजरला मात्र त्यानं स्वतः खरं सांगायचं, असं ठरलं. "तुम्ही परत येईपर्यंत मी राजीनामा देत नाही," ताई म्हणाली. "पुढचं मला विचारू नका."

मॅनेजरनं ऐकून घेतलं, रजा दिली, आणि खुर्चीबद्दल फक्त "बघू" म्हटलं. घारीनं तेवढ्यावरच डोळे डॉक्टरच्या हवाली केले, आधी एक, मग दुसरा.

तो परतला तेव्हा त्याचं टेबल रिकामंच होतं. त्याची जागा बळकावण्याइतके लोकच उरले नव्हते. बुधवारी तो खोलीत जाऊन बसला. समोर ताई होती, शेजारी चिकटवणारा. घारीनं ताईकडे पाहिलं. डोळ्यांखाली काळं पडलेलं, गाल बसलेले, बोटं पर्सच्या बंदावर आवळलेली. हा चेहरा इतके बुधवार आपल्यासमोर होता आणि आपण त्याला मन मोकळं करायचं व्याख्यान देत होतो.

"तुम्ही आलात, आता मी मोकळी," ताई म्हणाली. "राजीनामा पर्समध्येच आहे."

व्याख्यान बाजूला ठेवून घारीनं विचारलं, "ताई, तुला रात्री झोप लागते का गं?"

तिनं नकारार्थी मान हलवली. मग म्हणाली, "सकाळी गेट दिसलं की पाय मागे ओढतात, काका. वाटतं, आज आत घेणार नाहीत. भीती वाटते."

"मलापण," घार म्हणाला. "रोज वाटते. आज तर गेट स्पष्ट दिसलं, त्यामुळे जास्तच वाटली."

पर्सच्या बंदावरची ताईची बोटं सैल झाली.

"मग उद्या बाहेर थांबाल माझ्यासाठी?" ती म्हणाली. "दोघं बरोबर आत जाऊ."

"आणि मी काय मागच्या भिंतीवरून उडी मारून येऊ?" चिकटवणारा म्हणाला.