विरुद्ध पक्षाच्या घरचा गोळाभात

नलिनीताईंची आणि माझी पहिली ओळख झाली ती वर्ध्याच्या कोर्टात, आणि त्या विरुद्ध पक्षाच्या होत्या. त्यांच्या साठीच्या या गौरवग्रंथात त्यांचे सहकारी लिहीत आहेत, शिष्य लिहीत आहेत. मी त्यांच्या कंपनीवर दावा लावणारी पवनारची म्हातारी. मी बोलते आहे, नात लिहून घेते आहे.

कंपनीच्या नव्या भिंतीनं माझ्या वावरात जायची पांदण बंद केली. बैलबंडी जायला दुसरी वाट नव्हती, म्हणून मी दावा लावला. कंपनीतर्फे नागपूरहून तीन वकील यायचे. एक बोलायचा, दुसरा फाइल धरायचा, तिसरा गाडीत झोपायचा. पुढची तारीख घेऊन तिघंही परत. अशात नलिनीताई कंपनीच्या विधी विभागाच्या प्रमुख झाल्या. कोर्टात आल्या आणि आधी त्यांनी गाडीच्या काचेवर टकटक केली. "वकीलसाहेब, या झोपेचंही बिल येणार आहे का?"

पुढच्या तारखेपासून एकच वकील येऊ लागला, तोही फी आधी ठरवून.

त्यांचा एक नियम होता. बाहेरच्या वकिलाकडे वाद सोपवण्याआधी विभागाच्या माणसानं जागा पाहायची, समोरच्याचं ऐकून घ्यायचं. माझी फाइल आधीच गेलेली होती, तरी माझ्या वकिलाची परवानगी घेऊन त्या स्वतः आल्या. भर उन्हात, शहरी चपला घालून.

"काऊन बाई, गाडी नाई आणली?"

"आजी, गाडी भिंतीपाशी अडली."

"मंग! माही बंडी बी तिथंच अडून राह्यली!"

त्या हसल्या नाहीत. उभ्या राहून भिंतीकडे पाहत राहिल्या.

मग त्या येतच राहिल्या. मोजणीला आल्या, मोठ्या साहेबांना जागा दाखवायला आल्या, तडजोडीचा मसुदा मला वाचून दाखवायला आल्या. त्यांनी कंपनीचा वकिलांवरचा खर्च आटोक्यात आणला असं सगळे म्हणतात. आणलाच असेल. मी पाहिलं ते एवढंच, की एखादं वाक्य मला समजलं नाही तर त्या मला समजावत बसत नसत, वाक्यच बदलून आणत. पण भातावर बेसनाचे गोळे वाफवून मी गोळाभात केला, तरी माझ्याकडे जेवत मात्र नसत. "दावा सुरू आहे तोवर फक्त पाणी."

"माह्या गोळाभातात विष हाये काय?"

"विषाची भीती नाही हो आजी. गोडी लागली तर कंपनीची बाजू कशी मांडू?"

तडजोड झाली, भिंतीला फाटक बसलं, बंडी वावरात गेली. त्या दिवशी ताई ओट्यावर मांडी घालून बसल्या आणि गोळाभात मागून मागून जेवल्या. मी वाढण्यात दंग. त्यांचं येण्याचं कारणही त्याच दिवशी संपलं, हे कुठं माझ्या ध्यानात आलं! पुढं त्या बढतीवर पुण्याला गेल्या. सणासुदीला आठवणीनं फोन करतात, माझे गुडघे विचारतात. पण फोनवर ताट वाढता येत नाही.

फाटकाशी गाडी थांबली की माझी मान अजून वर होते. मध्यंतरी वाटलं, बंडी फाटकात आडवी लावावी, होऊ द्यावा एक नवा दावा. नात म्हणाली, "आजी, त्या रिटायर झाल्या. आता दुसरंच कोणी येईन." दुसऱ्या कोणाशी भांडायची मला हौस नाही.

ताई, तुमची साठी झाली. शंभरीही अशीच ताठ मानेनं गाठा, पांदणभर चालायला पाय धड राहोत, भूक चांगली राहो. आपल्यात आता कसलाच दावा उरला नाही, तेव्हा या खेपेला बिनकामाचं येजा. तुम्ही फाटकात दिसल्यावरच मी गोळे भातावर ठेवीन. म्हणजे शिजेपर्यंत तरी तुम्हाला बसावं लागेल.