अनंतावरचा काचपंखी पतंग

आमच्या रहाटणीच्या फ्लॅटच्या गॅलरीत अनंताची एक कुंडी आहे. ती बायकोची. चाकणच्या कंपनीतून मी रिटायर झालो, त्या वर्षी ऐन कळ्यांच्या दिवसांत त्या झाडावर हिरव्यागार अळ्या पडल्या. शेपटाशी एकेक काटा, आणि भूक अशी की दोन दिवसांत निम्मी पानं फस्त. बायको चिमटा घेऊन निघाली, तर मी आडवा आलो. भर दुपारी फुलासमोर हवेतच उभा राहून मध पिणारा, आपण ज्याला भुंगा समजतो, तो पतंग या अळ्यांचाच होतो, असं मी तिला पटवलं. त्याचे पंख काचेसारखे आरपार असतात, इथून उडताना तुला दाखवतो, असा शब्दही देऊन बसलो.

तिने त्या वर्षी फुलांचा नाद सोडला. झाडाचा खराटा झाला. बहुतेक अळ्या बुलबुलांनी उचलल्या. एक तेवढी कुंडीतल्या पाचोळ्यात कोष करून राहिली.

दोनेक आठवड्यांनी सकाळी पतंग बाहेर आला आणि काडीला लटकला. पंख हळूहळू पसरले, पण राखाडी, धुळकट. काच कुठेच नाही. कोषातली माती चिकटली असणार, असं मी धरून चाललो. सारी नोकरी क्वालिटीत गेलेली. पार्ट पुसल्याशिवाय पुढे द्यायचा नाही, ही हाताची सवय. बायको चहा टाकायला आत गेली होती. मी चष्म्याचं फडकं घेतलं आणि अगदी हलक्या हाताने उजवा पंख पुसला. तो अजून ओला होता. फडक्याबरोबर दुमडला आणि तसाच राहिला.

बायको चहा घेऊन आली. फडकं हातातच ठेवून मी कप घेतला. तासाभराने पतंग थरथरू लागला, आणि डाव्या पंखावरची राखाडी पूड आपोआप झडली. खाली पंख लख्ख, पलीकडची कुंडी दिसेल इतका. पतंग दोनदा उडायला गेला आणि दोन्ही वेळा मातीत पडला. मला फार शरम वाटली.

"ही धूळ आपोआप जाते होय?" तिने विचारलं.

"जाते."

तिने माझ्या हातातल्या फडक्याकडे पाहिलं. "मग तुम्ही पुसलात कशाला?"

"तुला चांगला दाखवायचा होता."