चवळीला आयतं जेवण

म्हातारी दोन इयत्ता शिकली होती. बाकीचं सगळं आपल्याला मातीनं शिकवलं, असं ती सांगे. खरं-खोटं मातीला विचारायला कोण जातंय! रानात शेणखताखेरीज दुसरं काही पडता कामा नये, हा तिचा चाळीस वर्षांचा हेका.

सून आली ती वेगळ्याच मताची. चवळीला शेणखत हवंच, पण जोडीला पेरतानाच सुपर फॉस्फेट आणि अगदी चिमूटभर युरिया द्यावा. पुढचं नत्र चवळी मुळांवरच्या गाठींच्या जोरावर हवेतून मिळवते, असं तिचं म्हणणं. म्हातारीनं नाक मुरडलं. वाद वाढला तसं मुलानं रान अर्धं अर्धं वाटून दिलं. जिच्या शेंगा जास्त, पुढच्या पेरणीपासून रानाचा कारभार तिचा. म्हातारी तावातावानं हो म्हणाली खरी, पण कारभार सुटला तर दिवसभर भिंतींशी बोलत बसावं लागेल, ही धास्ती मनात होतीच.

तीन आठवड्यांत सुनेची चवळी वीतभर पुढे गेली. म्हातारी बांधावर उभी राहून आपल्याच रोपांना मनातल्या मनात शिव्या घाली. एका सकाळी सून बाजाराला गेलेली पाहून हिनं कोठीतल्या पोत्यातून ओटीभर युरिया काढला आणि इकडंतिकडं बघत ओळीओळीनं फेकला. थोडा उरला, तोही टाकला. परत कुठं न्यायचा?

मग काय विचारता! वेल हिरवेगार, पानं हाताएवढी. येणाऱ्याजाणाऱ्याला थांबवून म्हातारी सांगे की हे नुसत्या शेणखताचं हं. चार जणांना सांगून झाल्यावर तिला स्वतःलाही ते खरं वाटायला लागलं.

तोडणीच्या दिवशी वेल उचलून बघते तर पानंच पानं. सुनेच्या पाच पाट्या भरल्या. हिची एकच, तीही खाली पाला घालून फुगवलेली.

सुनेनं दोन्हीकडचं एकेक रोप उपटून मुळं धुतली. तिच्या मुळांवर ज्वारीच्या दाण्यांएवढ्या गाठीच गाठी. म्हातारीच्या मुळांवर शोधून दोन.

"आई, शेणखतानं असं होत नाही," सून म्हणाली.

म्हातारीनं शेजाऱ्याच्या बकरीवर ढकलायचं जवळजवळ ठरवलं होतं. पण बकरी पानं खाते, आणि इथं तर पानंच तेवढी उरली होती.

"मीच टाकला युरिया," ती म्हणाली.

"किती?"

"ओटीभर. आयतं ताटात पडल्यावर मुळं कशाला राबतील? मीसुद्धा नसते राबले."

सुनेला हसू आवरेना. म्हातारीलाही आवरलं नाही, आणि तेवढ्यात कारभार गेला.

दुसऱ्या दिवशी ती घरातच बसून राहिली. सून दारात येऊन म्हणाली, पुढच्या पेरणीसाठी शेणखताचा ढीग उपसून रानात टाकायचाय, कुजलंय की नाही ते मला कळत नाही, तुमच्याच हाताला कळतं. म्हातारी उठली, पण अट घालूनच.

"तू सांगशील तेवढंच टाकीन."

पहिल्याच ओळीत दोन घमेली जास्त पडली. सुनेनं पाहिलं. शेणखतच होतं म्हणून पुढचं घमेलं तिनंच भरून दिलं.