बोल्ट कोणत्या बाजूला

स्पर्धेची रायफल घ्यायची म्हणजे खरं तर ॲक्शन घ्यायची. बाकी सगळं बदलता येतं. नळी झिजली की नवी बसवतात, दस्ता खांद्याला पटला नाही तर दुसरा करून घेतात. मधला पोलादी भाग, ज्यात काडतूस ठेवून बोल्ट, म्हणजे कडीसारखा सरकणारा दांडा, लावायचा, तो मात्र एकदा घेतला की घेतला. नंबरही त्याच्यावरच कोरलेला असतो. आमच्या घरात साधा फ्रीज घ्यायचा तर बाबा अख्खा उन्हाळा चौकशीत घालवायचे, आणि मी ॲक्शन एका रविवारी सकाळी, पोहे खाता खाता ठरवून मोकळी झाले. त्याची हळहळ अजून जात नाही. नेमाचं सोडा, नेम काय, लागतो किंवा चुकतो. हळहळ वेगळीच आहे.

मी जन्माने डावखुरी. बाबा कल्याणच्या एका शाळेत शिक्षक. त्यांनी मला कधी बोट लावलं नाही. पेन्सिल डाव्या हातात दिसली की काही न बोलता यायचे, ती काढून उजव्या हातात द्यायचे आणि परत आपल्या पेपर तपासणीला लागायचे. पेन्सिल पुन्हा डाव्यात गेली की पुन्हा उठायचे. चिकाटीत त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. शाळेत नाव घालेपर्यंत मी उजव्याने लिहायला, जेवायला, प्रसाद घ्यायला लागलेली होते. अक्षर तर असं वळणदार आलं की बाबा शेजाऱ्यांना बोलावून दाखवायचे. बाकीचं सगळं, म्हणजे कात्री, कंगवा, दगड मारणं, रागाने दार आपटणं, डाव्याकडेच राहिलं. दारं मी बरीच आपटली आहेत.

नेमबाजी माझ्या आयुष्यात उशिरा आली. तिशी उलटलेली, ठाण्यात नोकरी, डोंबिवलीत घर, आणि आठवड्यातून एक दिवस तरी कुणी माझ्याशी बोलू नये अशी इच्छा. कल्याणला एका शाळेच्या हॉलमध्ये एअर रायफल शिकवत होते. बाबा निवृत्त होऊन घरात येरझाऱ्या घालत होते, म्हणून त्यांनाही बरोबर नेलं. शिकवणाऱ्या सरांनी रायफल हातात दिली आणि ती थेट माझ्या डाव्या खांद्याला गेली. मी ठरवलं वगैरे काही नाही. सरांनी नेमाला कोणता डोळा चालतो ते तपासलं, तोही डावाच जोरकस निघाला. बाबांनी हे पाहिलं आणि बाहेर पाण्याच्या नळाशी जाऊन उभे राहिले. मला वाटलं, कंटाळले.

पण कंटाळले नव्हते. उलट माझ्यापेक्षा त्यांनाच जास्त नाद लागला. मी हळूहळू मोठ्या रायफलकडे गेले, क्लबची रायफल घेऊन तीनशे मीटरवर झोपून मारायला लागले, तोवर बाबांनी ॲक्शन या विषयावर दिसेल त्याला प्रश्न विचारून हैराण केलं होतं. भाजीवाला तेवढा सुटला. आत काडतुसं भरून ठेवायच्या मॅगझिनची नको, एकेक काडतूस हाताने ठेवायची घे, कारण खालून पोकळ नसली की ती ताठ राहते, नळी हलत नाही, हे मला त्यांनीच जेवताना समजावलं. त्यावर आमचं एकमत होतं. वाद एकाच गोष्टीवर झाला, बोल्ट कोणत्या बाजूला हवा.

बोल्टची मूठ बहुतेक सगळ्या रायफलींना उजवीकडे असते. ठाण्याच्या नौपाड्यातले एक जुने नेमबाज गुडघ्यांमुळे खेळ सोडत होते आणि त्यांची रायफल द्यायला तयार होते. नामांकित ॲक्शन, घड्याळासारखा चालणारा बोल्ट, फक्त उजव्या हाताची. डाव्या हाताची हवी तर बाहेरच्या देशातून मागवायची, आणि ती कधी येईल हे कुणी सांगू शकत नव्हतं. क्लबातले सगळे म्हणाले, "अगं घेऊन टाक, अशी परत मिळायची नाय." मलाही तेच हवं होतं. धीर नावाची गोष्ट माझ्याकडे मुळातच कमी.

त्या रविवारी मी पोह्यांची बशी घेऊन बाहेर आले तर बाबा हॉलमध्ये चटईवर पालथे झोपलेले. हातात एक लांबट फळी, विठ्ठलवाडीच्या कुठल्यातरी सुताराकडून तासून आणलेली. तिच्या दोन्ही बाजूंना दाराच्या कड्या स्क्रूने बसवलेल्या, एक डावीकडे, एक उजवीकडे. सत्तरीतला माणूस, बनियन-लेंग्यावर, गाल फळीला टेकवून भिंतीवरच्या कॅलेंडरवर नेम धरून पडलेला. मला हसू आवरेना.

"हसू नकोस, बघ," ते म्हणाले. "ही उजवीकडची कडी. डाव्या हाताने उघडायची तर हात वरून पलीकडे न्यावा लागतो. मान उचलावी लागते. आता ही डावीकडची. गाल हललासुद्धा नाही. एकदा आडवी होऊन कर."

"बाबा, मी क्लबची रायफल तशीच चालवते ना."

"चालवतेस. पण का चालवायची? या वेळी डावीच घे. थांबू आपण. मला काही घाई नाही."

"मला आहे. आणि उजव्याची सवय आहे हो मला. तुम्हीच तर लावलीत."

हे मी टोमणा म्हणून बोलले नव्हते. कौतुकानेच बोलले होते, शपथेवर सांगते. माझ्या मनात त्या क्षणी फक्त नौपाड्याला किती वाजता पोचायचं एवढंच होतं. बाबा उठून बसले. "हो, मीच लावली," म्हणाले आणि लेंग्याच्या गुडघ्यांवरची धूळ झटकायला लागले. बराच वेळ झटकत होते. आमच्या घरात एवढी धूळ नसते.

दुपारी ते माझ्याबरोबर ठाण्याला आले. बोल्ट दोन-तीनदा मागेपुढे करून पाहिला, "उत्तम आहे," म्हणाले, त्या गृहस्थांच्या गुडघ्यांची चौकशी केली. परवानग्यांचं सगळं यथावकाश पार पडलं आणि रायफल माझी झाली. डाव्या-उजव्याचा विषय बाबांनी पुन्हा काढला नाही. मी जिंकले म्हणून खूशच होते.

पुढची काही वर्षं मी त्या रायफलीवर मारलं. गोळी सुटली की डावा हात चापावरून उचलायचा, वरून पलीकडे नेऊन बोल्ट उघडायचा, गाल दस्त्यावरून निघायचा, काडतूस ठेवायचं, बोल्ट लावायचा आणि पुन्हा पहिल्यापासून अंग जमवायचं. तोवर वारा फिरलेला असायचा. लोक म्हणायचे, "कसं काय जमतं तुला?" आणि मी फुशारून जायचे. गुण बरे यायचे. फार बरे कधी आले नाहीत. त्याचा दोष मी वाऱ्याला दिला, काडतुसांना दिला, एकदा शेजारच्या माणसाच्या खोकल्यालाही दिला.

बाबा मागे घडीच्या खुर्चीवर बसलेले असायचे, डोक्याला पंचा गुंडाळून. मी दर गोळीला मान उचलत होते आणि दर वेळी ते बघत होते. मला वाटायचं, ते वाऱ्याची निशाणं बघतायत. मग हळूहळू त्यांनी यायचंच बंद केलं. ऊन सोसत नाही म्हणाले, आणि मी ते खरं मानलं. आईच्या माघारी आम्ही दोघंच घरात, तरी मी कधी खोदून विचारलं नाही. आमच्याकडे कुणी कुणाला खोदून विचारत नाही, चहा हवा का एवढंच विचारतात.

मागच्या हिवाळ्यात एका स्पर्धेनंतर कोल्हापूरकडची एक डावखुरी बाई भेटली. तिची रायफल डाव्या बोल्टची. म्हणाली, मारून बघा की चार गोळ्या. मी आडवी झाले. पहिली सुटली. डावा हात आपोआप वर निघाला आणि वाटेत थांबला, कारण बोल्टची मूठ तिथेच होती, अंगठ्याजवळ. बोल्ट उघडला, काडतूस ठेवलं, लावला. गाल जागचा हलला नाही. समोरचं काळं वर्तुळ तसंच स्थिर राहिलं. इतकं सोपं असतं, हे मला चाळिशी ओलांडल्यावर कळलं. मी पुढच्या गोळ्या मारल्याच नाहीत. चटईवर तोंड खुपसून रडले. त्या बिचारीला वाटलं, धक्क्याने खांदा दुखावला.

कारण गालाचं कळलं तसं दुसरंही कळलं होतं. बाबांना मला रायफल सुचवायची नव्हतीच. माझ्याकडून काढून घेतलेला हात त्यांना परत द्यायचा होता, आणि तोंडाने ते बोलणं जमत नव्हतं म्हणून त्यांनी फळीला कड्या बसवल्या होत्या. मी नको म्हटलं. वर हसले. त्यांना एवढंच हवं होतं की मी म्हणावं, झालं गेलं, माझ्या मनात काही नाही. माझ्या मनात खरंच काही नव्हतं, म्हणून तर ते बोलायचं सुचलं नाही.

घरी जाऊन लगेच बोलायला हवं होतं. पण तोवर बाबांचं विसरणं बरंच पुढे गेलेलं. आधी गॅस, मग शेजाऱ्यांची नावं, मग मी. कधी मी त्यांची मुलगी असते, कधी त्यांच्या शाळेतली नवी बाई. डाव्या हाताची ॲक्शन मी तरीही मागवली आणि ती या महिन्यात आली. दुपारी बाबा गॅलरीत बसले होते. मी शेजारी जाऊन बसले.

"बाबा, डाव्या बोल्टची आली. तुम्ही सांगितली होती तीच."

त्यांनी माझ्याकडे अदबीने पाहिलं. कुणाच्या तरी पालक भेटायला आल्यात, असं त्यांना वाटलं असावं.

"माझी मुलगी डावरी होती," ते म्हणाले. "मी मोडलं ते. अक्षर चांगलं यावं म्हणून. तेव्हा तसंच करत. पण मोठेपणी तिने बंदूक उचलली ती डाव्याच खांद्याला. म्हणजे आत सगळं तसंच होतं हो. मी उगाच मध्ये पडलो."

"तिला राग नाही त्याचा," मी म्हटलं. "कधीच नव्हता."

"असं ती म्हणाली?"

"हो. म्हणाली."

शेजारच्याचं बघून उत्तर देणाऱ्या मुलाकडे ते वर्गात बघायचे, तसं त्यांनी माझ्याकडे पाहिलं. राग नव्हता त्यात, पण विश्वासही नव्हता.

"तुम्ही चांगल्या आहात म्हणून सांगताय," ते म्हणाले. "पण हे तिने सांगायला हवं. ऑफिसातून आली की विचारतो."

आणि ते दाराकडे बघत बसले.