लहान पाटीवरचा पत्ता

ऑफिसात तिला सगळे फूटपट्टी म्हणत. वेबसाइटची मांडणी मोठ्या मॉनिटरवर, टॅबवर, फोनवर नीट बसते की नाही, हे ती डोळ्यांत तेल घालून बघायची. दोन बटणांमध्ये केसभर अंतर जास्त दिसलं, तरी बाईंच्या घशाखाली घास उतरत नसे. हे वेड वडिलांकडून आलेलं. ते दुकानांच्या पाट्या रंगवायचे. आता त्यांचा एक डोळा गेला होता आणि सगळा कारभार दुसऱ्यावर चालला होता.

ते ज्या डोळ्यांच्या दवाखान्यात जायचे, त्याचीच साइट तिच्याकडे कामाला आली. पानाच्या उजवीकडे सूचनांची एक चौकट होती. फोनच्या अरुंद स्क्रीनवर ती काही केल्या धड बसेना. शेवटी वैतागून तिने एक ओळ लिहिली: स्क्रीन लहान असेल तर चौकट लपवा. पान कसं चकचकीत दिसू लागलं! साहेबांनी शाबासकी दिली, आणि बाबांनी आपल्या फोनवर ते पान दाखवून दाखवून शेजाऱ्यांना भंडावून सोडलं.

महिन्याभराने दवाखान्याने त्याच चौकटीत सूचना टाकली, की तातडीचा विभाग नव्या इमारतीत गेला आहे. त्या आठवड्यात एका सकाळी बाबांच्या चांगल्या डोळ्यापुढे काळा पडदा सरकू लागला. पोरीला कामात कशाला त्रास, म्हणून त्यांनी फोन अगदी डोळ्याजवळ धरून साइट पाहिली. तिथे जुनाच पत्ता होता. ते तिकडे गेले, तर दार बंद. उघडेल थोड्या वेळात, म्हणून पायरीवर बसून राहिले. साइट पोरीने केलेली, ती चुकेल कशी? दुपारी एका झाडूवाल्या बाईने त्यांना नव्या इमारतीत पोचवलं.

"सकाळीच आला असतात तर काहीतरी करता आलं असतं," डॉक्टर म्हणाले.

संध्याकाळी ती खाटेशेजारी बसली होती.

"साइटवर तसं काही लिहिलंच नव्हतं गं," बाबा म्हणाले. "त्या लोकांनी लिहायला नको का?"

हो म्हणून मोकळं होणं सोपं होतं. त्या विचाराचीच तिला लाज वाटली आणि रडू फुटलं.

"लिहिलं होतं, बाबा. फोनवर मीच ते लपवलं. जागा पुरत नव्हती."



"पाटी लहान असली की नक्षी गाळायची, पोरी," बाबा म्हणाले. "पत्ता नाही गाळायचा."

मग त्यांनी तिच्या डोक्यावर ठेवायला हात उचलला. तो हवेतच चाचपडत राहिला, तेव्हा तिने आपलं डोकं त्याच्याखाली नेलं.